सुरमईचे दिवे आणि मिस्त्रींची टाळी

“टाळी वाजव.”

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला मिळालेला हा पहिला हुकूम. मी नुकतीच डिप्लोमा करून आलेली, हातात सर्टिफिकेटांची फाइल, अंगात आईने मुद्दाम इस्त्री करून दिलेला ड्रेस, आणि समोर साठीला टेकलेला एक माणूस हाताची घडी घालून मला टाळी वाजवायला सांगतोय. परळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलातली ती तळमजल्यावरची खोली. खोलीत एक लोखंडी रॅक, रॅकमध्ये मिठाईच्या चपट्या खोक्यासारखे दोन काळे स्विच. सगळ्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरांच्या केबली येऊन त्यांच्यात घुसलेल्या, आणि प्रत्येक केबलीच्या डोक्यावर एक बारका दिवा मिचकतोय.

“कशावर वाजवू?” मी विचारलं.

“दिव्यांवर. ते मिचकतायत तशी वाजव.”

मी प्रयत्न केला. एक दिवा भरभर, दुसरा थांबून थांबून, तिसरा मध्येच झोपलेला. कुठला धरायचा? चार टाळ्या वाजवल्या आणि हात खाली घेतले.

“नाही जमत.”

“जमत नाही ना? छान,” असं म्हणून ते चहाला निघून गेले.

बाई गं, कुठे येऊन पडले मी, असं वाटलं तेव्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी दोन्ही स्विचसमोर उभं राहून टाळी वाजवायची, ती जमायची नाही, आणि हे म्हणायचे, “छान.” का, ते कधी सांगायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, “जमेल त्या दिवशी कळेल.” मी मनातल्या मनात त्यांना रीतसर वेड्यात काढलं होतं.

सगळं हॉस्पिटल त्यांना मिस्त्री म्हणायचं. दारावरच्या पाटीवर लांबलचक इंग्रजी हुद्दा होता, पण त्या हुद्द्याने कुणी हाक मारली तर हे वळूनही बघायचे नाहीत. मी पहिले दोन दिवस ‘सर, सर’ केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “सर शाळेत असतात. ज्याच्या खिशात टेस्टर, तो मिस्त्री.” टेस्टर खरंच असायचा, शर्टाच्या खिशात, पेनाच्या जागी. नेटवर्कच्या कामात टेस्टरचा काडीचा उपयोग नाही. तरी असायचा.

कारण मिस्त्री मूळचे रोषणाईवाले. लालबागला त्यांच्या गल्लीतल्या गणपतीची सगळी रोषणाई वीस-बावीस वर्षं त्यांनी केली. तेव्हा आतासारखे तयार कंट्रोलर मिळायचे नाहीत. हे लाकडाचा ड्रम करायचे, त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकायचे, ड्रम मोटरवर फिरायचा, आणि पट्टी जिथे टेकेल तिथली दिव्यांची ओळ पेटायची. पट्ट्या कुठे ठोकल्यात त्यावर दिवे पळणार की नाचणार ते ठरायचं. “चौदा माळा एका तालात मिचकवल्यात मी,” असं ते सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. पुढे केबल टीव्हीच्या वायरी ओढल्या, मग कॉम्प्युटरच्या, मग हे हॉस्पिटल. शिक्षण विचारलं तर म्हणायचे, “ड्रम.”

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या हॉस्पिटलात पहिले सहा महिने कच्ची नोकरी. सहा महिन्यांनी एक फॉर्म असतो, तो तुमच्या वरच्या माणसाने भरून सही करायचा. सही झाली तर पक्की, नाही तर घरी. बाबांचं चिंचपोकळीचं वर्कशॉप त्याच वर्षी बंद पडलेलं, भाऊ बारावीला. आई रोज डबा भरताना एकच विचारायची, “तो माणूस खूश आहे ना गो तुझ्यावर?” काय सांगू तिला? टाळी जमत नाही म्हणून खूश आहे, असं सांगू?

स्विचला नंबर देतात, तळमजला एक, पहिला मजला दोन, असे. मिस्त्रींनी माशांची नावं दिली होती. रॅकमधला वरचा मोठा स्विच सुरमई, सगळा कारभार तिच्यातून जायचा. त्याच्या खाली बांगडा. दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांच्या विभागात आठ भोकांचा एक लहानसा होता, ती मांदेली. ही नावं नुसती तोंडी नव्हती, स्विचमध्ये घालून ठेवलेली. लॅपटॉप जोडून आत शिरलं की स्क्रीनवर ठसठशीत उमटायचं: सुरमई. एकदा बाहेरून तपासणीला एक टायवाला आला. त्याने विचारलं, “हे काय कोडनेम आहे का?” मिस्त्री म्हणाले, “हो. तळून चांगली लागते.”

आणि सोमवारी सुरमईला हात लावायचा नाही. मिस्त्रींचा सोमवार कडक. त्या दिवशी घरात मासळी शिजायची नाही आणि हॉस्पिटलात सुरमई उघडायची नाही. मोठ्या मॅडमनी सोमवारी काही बदल सांगितला तर हे तोंडावर सांगायचे, “मॅडम, आज सोमवार.” मोठ्या मॅडम म्हणजे हॉस्पिटलच्या मुख्य व्यवस्थापक, शिवाजी पार्कच्या, कडक इस्त्रीच्या साडीच्या, स्वच्छ पुस्तकी मराठी बोलणाऱ्या. त्यासुद्धा गप्प बसायच्या. मी आधी हसायचे. मग लक्षात आलं, ओपीडीची सगळ्यात जास्त गर्दी सोमवारीच असते. त्या दिवशी स्विचमध्ये खुडबूड करणं म्हणजे पंगत जेवायला बसलेली असताना चुलीवरचं भांडं बदलणं. मिस्त्रींचा उपास हॉस्पिटलला लागू पडत होता.

शिकवायचे मात्र जीव ओतून. एकदा बांगडा नवा आणला तेव्हा सगळा माझ्याकडून करून घेतला. पॅकिंग फोडलं, निळी चपटी केबल लॅपटॉपला लावली. “साधा स्विच म्हणजे बहिरा बैल,” ते म्हणाले, “जे येईल ते सगळीकडे ढकलतो. हा बैल ऐकतो. ह्याला सांगावं लागतं.” मग सांगायला लावलं. नाव घाल. पासवर्ड घाल. आता पंगती पाड. पंगती म्हणजे एकाच स्विचमध्ये वेगवेगळे गट करायचे, लॅबचे कॉम्प्युटर एका पंगतीत, नोंदणीचे दुसऱ्या, एक्स-रेचे तिसऱ्या. मांडव एकच, वाढपी एकच, पण ह्या पंगतीतला माणूस त्या पंगतीत हात घालणार नाही. पुस्तकात मला हे चार दिवस कळलं नव्हतं, इथे चार वाक्यांत कळलं.

प्रत्येक हुकूम टाइप केला की एंटर दाबण्याआधी मोठ्याने वाचायला लावायचे. “तोंडातून जाऊ दे. डोळा फसवतो, जीभ अडखळते.” मी शाळेतल्या पोरीसारखी अक्षर न अक्षर वाचायचे. ते डोळे मिटून ऐकायचे आणि एक अक्षर चुकलं तरी पकडायचे. केबल लावताना भोकं बोटाने मोजायचे, देवाची माळ ओढावी तशी. आणि सगळं झालं की लगेच सेव्ह करू द्यायचे नाहीत. “आधी चहा पिऊन ये. चहा होईपर्यंत कुणाची बोंब आली नाही तर सेव्ह. बोंब आली तर प्लग काढ, पुन्हा लाव, स्विच केलेलं सगळं विसरतो.” आजही मी चहा झाल्याशिवाय सेव्ह करत नाही. चहा सोडायला डॉक्टरने सांगितलंय, तरी त्या कामासाठी पिते.

हे सगळं गोड वाटतंय, पण तेव्हा मला त्या सहीची धास्ती होती. सहा महिने भरले आणि माझा फॉर्म मिस्त्रींच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडला. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. मी रोज ड्रॉवरकडे बघायचे. एकदा धीर करून म्हटलं, “मिस्त्री, तो फॉर्म…”

“बघतो.”

“मॅडमच्या ऑफिसातून दोनदा फोन आला.”

“बघतो म्हटलं ना!” असे खेकसले की मी पुन्हा विषय काढला नाही. माझ्या आधीच्या दोन मुलांना त्यांनी सही दिली नव्हती, हे शिपायाने मला आधीच सांगून ठेवलेलं. रात्री आईला सांगितलं, होईल. आईने देवापुढे नारळ ठेवला. मी म्हटलं, फोडू नकोस एवढ्यात.

आणि मग खंडेनवमी आली.

गिरणगावात खंडेनवमी म्हणजे हत्यारांची, मशिनींची पूजा. गिरण्या गेल्या, पण पूजा काही गेली नाही. त्या दिवशी हॉस्पिटलात एक्स-रेच्या मशीनला हार, लिफ्टला हार, अ‍ॅम्ब्युलन्सला तर केळीचे खांब. मिस्त्री त्या सकाळी लालबागला जायचे, त्यांच्या जुन्या लाकडी ड्रमची पूजा करायला. जाताना मला बजावलं, “रॅक पूस. मऊ फडक्याने. हार वरून टाक, केबलीत अडकवू नको. कुंकू दाराला लाव, सुरमईला नको, आत जातं.”

मी पुसायला घेतलं. आणि एवढं मन लावून पुसलं की विचारू नका, तीन आठवडे पडलेल्या फॉर्मची सगळी भीती मी त्या फडक्यात घातली. बांगड्याच्या उजव्या बाजूला एक केबल लोंबत होती. तिचं एक टोक स्विचमध्ये, दुसरं नुसतं हवेत. पुसताना मीच ओढली की काय? आता ती कुठली, कुणाची, कुणाला विचारणार? आज कुणाला फोन केला तर मिस्त्रींना कळणार, पुसायला सांगितलं तर हिने केबल उपटली. शेजारचं भोक रिकामं होतं. तिथेच असणार, असं म्हणून मी ते टोक त्यात घातलं. खट् आवाज झाला. हार टाकला, उदबत्ती बाहेर लावली, दोन पावलं मागे सरून बघितलं.

काय सुरेख दिसत होतं! झेंडूचा हार, आणि खाली बांगड्याचे, सुरमईचे, सगळेच्या सगळे दिवे एकदम लुकलुकतायत. भरभर, पण सगळे बरोबर. मला वाटलं, सणाचा दिवस, स्विचसुद्धा आनंदात आहे. मोबाइलवर फोटो काढला. देवाशपथ, फोटो काढला मी.

पहिला फोन नोंदणीवरून. स्क्रीन गोठलीय. दुसरा फार्मसीतून. तिसरा लॅबमधून, आणि लॅबचा माणूस ओरडतच होता, वर ऑपरेशन थिएटरला रिपोर्ट हवेत, पेशंट टेबलावर आहे, इथून काही जात नाही. नंतर फोन वाजायचा थांबलाच नाही. मी सुरमईला लॅपटॉप लावला, ती उत्तरच देईना. मोबाइलवरून मिस्त्रींना फोन लावला. मागे ढोलकी वाजत होती.

“मिस्त्री, सगळं बंद पडलंय. सगळं!”

“ओरडू नको. दिव्यांसमोर उभी राहा. टाळी वाजव.”

“अहो, लोक बोंबलतायत इथे, तुमचं टाळी काय!”

“वाजव म्हणतो ना. फोन स्पीकरला टाक आणि वाजव.”

मी मोबाइल रॅकवर ठेवला आणि वाजवली. आणि जमली! सहा महिन्यांत पहिल्यांदा. आरती संपत आली की टाळी जशी चढते तशी, भरभर, पण एकसारखी, एकही दिवा चुकत नव्हता. त्या तसल्या गोंधळातसुद्धा मला क्षणभर बरं वाटलं. “मिस्त्री, जमतेय!” मी म्हटलं.

“आवशीचो घो!” पलीकडून आवाज आला. ढोलकी थांबली, बहुतेक त्यांनीच थांबवली. “गो, दिवे एका तालात फक्त गणपतीत मिचकवायचे. कॉम्प्युटर जो तो आपापलं बोलतो, दिवे वेगवेगळेच मिचकायला हवेत. एका तालात मिचकले म्हणजे सगळे एकच गोष्ट ओरडतायत. लूप झालाय. कुणीतरी एकाच केबलीची दोन्ही टोकं आत घातलीत. कुणी हात लावला रॅकला?”

लूप म्हणजे चाळीतल्या बातमीसारखं. पहिल्या मजल्यावरून निघालेली बातमी फिरून पहिल्या मजल्यावरच येते, तिथे कुणाला ओळखू येत नाही, म्हणून पुन्हा निघते, दुप्पट होऊन. शेवटी जिन्यात पाय ठेवायला जागा राहत नाही. मला हे पुस्तकातून माहीत होतं. डोळ्यांसमोर लोंबती केबल आली. ती मी ओढली नव्हतीच, ती तशीच लोंबत ठेवलेली होती. आणि ड्रॉवरमधला फॉर्म आठवला.

“कुणीच नाही,” मी म्हटलं.

खोटं बोलले मी. सरळ सरळ.

मग मिस्त्री एकदम शांतपणे म्हणाले, “बरं. कुणीच नाही तर मी टॅक्सी करून येतो. सणाची गर्दी आहे, वीस-पंचवीस मिनिटं लागतील. तेवढा वेळ ऑपरेशनवाल्यांना थांबायला सांग.”

त्यांनी आवाज चढवला असता तर मी कदाचित खोट्यालाच धरून राहिले असते. पण ‘थांबायला सांग’ म्हटलं आणि माझ्या डोळ्यांसमोर टेबलावरचा पेशंट आला. कोण होता, बाई होती की पुरुष, मला आजही माहीत नाही.

“मी घातली,” मी म्हटलं. “लोंबत होती ती. मीच घातली, मिस्त्री.”

“कुठली?”

“बांगड्याची, उजवीकडची.”

“उपट.”

मी उपटली. दोन श्वास गेले असतील. दिवे एकदा सगळे थबकले, आणि मग एक मिचकला, मग तिसरा, मग पहिला, मग पाचवा, पहिल्यासारखे बेशिस्त, जो तो आपल्या मर्जीने. टाळी वाजवून बघितली, जमेना. लॅबमधून फोन आला, रिपोर्ट गेला. मी झेंडूच्या पाकळ्यांत फरशीवर बसले आणि हमसून हमसून रडले. भीतीचं रडू नव्हतं ते. इतकं हलकं मला दहावी पास झाल्यावरही वाटलं नव्हतं. नोकरी गेली तर जाऊ दे, म्हटलं, पण सुटले.

मिस्त्री आले ते कपाळाला भलंमोठं कुंकू घेऊनच, आणि मला एक शब्द न बोलता थेट मोठ्या मॅडमकडे गेले. मी मागोमाग. आत जाऊन म्हणाले, “मॅडम, बांगड्याला वॉचमन असतो. दोन्ही टोकं कुणी आत घातली तरी तो एक टोक अडवतो, काही बिघडत नाही. तो वॉचमन दोन महिन्यांपूर्वी मी बंद केला होता. चूक माझी.”

मला वाटलं, मला वाचवतायत. माझे डोळे पुन्हा भरून आले. मी पुढे होऊन म्हटलं, “मॅडम, केबल मी घातली. आणि विचारल्यावर खोटं बोलले. मिस्त्री उगाच—”

“तू गप!” मिस्त्री माझ्यावर उखडले. “तुझी चूक तुझी, ती तू सांग. माझ्या चुकीवर कशाला हक्क सांगतेस?”

मॅडम आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. “मी इथे अनेक वर्षं आहे,” त्या म्हणाल्या, “चुकीवरून भांडताना लोक पाहिलेत, पण ती स्वतःकडे ओढताना पहिल्यांदाच पाहते आहे. पेशंट सुखरूप आहे. तुम्ही दोघं आधी जा आणि तो वॉचमन कामावर घ्या.”

खोलीत आल्यावर मी लॅपटॉप लावला, हुकूम टाइप केला, मोठ्याने वाचला, एंटर दाबलं. वॉचमन परत आला. मग न राहवून विचारलं, “पण तुम्ही बंद का केला होता?”

“एक्स-रेवाल्यांची बोंब होती, मशीन जोडलं जात नाही म्हणून. बघितलं तर त्यांच्या भोकाचा दिवा पिवळा. हिरवा म्हणजे चालू, पिवळा म्हणजे वॉचमनने अडवलेला. म्हटलं हाच शहाणा उगाच अडवतोय. केला बंद. मग मशीन त्यांचं त्यांनीच बंद-चालू केलं, लागलं. पण दिवा बघ, अजून पिवळाच आहे.”

मी बघितलं. दिवा चक्क हिरवा होता, कैरीसारखा.

“मिस्त्री, हा हिरवा आहे.”

“हा?”

“हा. आणि हासुद्धा. सगळेच हिरवे आहेत.”

ते मागे सरले. खुर्चीवर बसले. आणि मला एकेक आठवायला लागलं. मोठ्याने वाच. भोकं बोटाने मोजायची. आणि टाळी. रोज सकाळी, समोर उभे असून, मला टाळी वाजवायला लावायची आणि आपण नुसतं ऐकायचं. सहा महिने मी ज्याला विक्षिप्तपणा म्हणत होते ना, तो विक्षिप्तपणा नव्हता. ह्या माणसाला दिवे दिसत नव्हते.

“अगदी दिसत नाय असा नाय,” मिस्त्री घरच्या मालवणीवर आले. “दिसता. जुन्या फोटोसारखा. पिवळा पिवळा.”

“कधीपासून?”

“तीन-चार वरसां झाली.” मग खिशातला टेस्टर काढून उगाच फिरवत राहिले. “कुणाक सांगू नको. आंधळ्या मिस्त्रीक कोण ठेवतला?”

“आणि माझा फॉर्म?”

त्यांनी ड्रॉवर उघडून फॉर्म माझ्यापुढे टाकला. “बारीक अक्षर आहे मेलं,” ते म्हणाले. “वाचता येत नाही म्हणून पडलाय. तुला कसं सांगायचं?”

काय म्हणावं ह्या माणसाला! मी तीन आठवडे झोपले नव्हते. आई नारळ सांभाळून बसली होती. मला राग आला, मग हसू आलं, आणि मग आधीच्या त्या दोन मुलांची दया आली, त्यांचेही फॉर्म असेच ह्या ड्रॉवरमध्ये पडून राहिले नसतील ना? विचारलं. मिस्त्रींनी खाली मान घातली. एकाचा, म्हणाले. दुसरा खरंच आळशी होता.

फॉर्म मी मोठ्याने वाचला. ‘कामातील उणिवा’ असा एक रकाना होता. “लिही,” मिस्त्री म्हणाले, “लोंबती केबल दिसली तर विचारत नाही. चूक लपवते, पण फार वेळ नाही.” मी माझ्या हाताने तसंच लिहिलं. सहीच्या जागी त्यांचं बोट धरून टेकवलं. सही झाली.

“आता तुमची पाळी,” मी म्हटलं. “मी माझी सांगितली, आता तुम्ही डोळ्यांची सांगा.”

“नाय.”

“का?”

मग कळलं. त्यांच्या वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन गावच्या कुठल्याशा शिबिरात झालं होतं, त्यात नजरच गेली, तेव्हापासून ते दारातल्या खाटेवरच बसून राहिले, शेवटपर्यंत. रोषणाई करणारा मुलगा सुट्टीत गावी गेला की वडील विचारायचे, यंदा दिवे कसे होते? आणि मिस्त्री त्यांना टाळी वाजवून दाखवायचे, दिवे कसे मिचकतात ते. टाळीची सवय तिथली. नोकरीइतकीच त्या खाटेची भीती होती त्यांना.

मी भांडले. माझ्या बाबांशी भांडत नाही इतकी भांडले. शेवटी दसरा होऊन गेल्यावर, सोमवार टाळून, ते मॅडमसमोर उभे राहिले. मी दारातच. नोकरी जाणार असं धरूनच बोलले ते. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“अहो मिस्त्री, दुसऱ्या मजल्यावर आपला डोळ्यांचा विभाग आहे. मोतीबिंदू तिथे रोज काढतात. तुम्ही स्वतः तिथे केबल टाकली आहे!”

“मांदेली,” मिस्त्री पुटपुटले.

काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय. दर आठवड्याला हा माणूस त्या विभागात मांदेलीचे दिवे बघायला जायचा आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता टाळून परत यायचा.

एकेक करून दोन्ही डोळे झाले. मिस्त्री घरी असताना खोली मी एकटीने सांभाळली, आणि रोज सकाळी फोन यायचा, “वाजव.” मी वाजवायचे. “जमत नाही ना? छान.” फोन बंद. आईने नारळ कधीच फोडला होता, तरी मिस्त्रींसाठी दुसरा आणून ठेवला.

ते परत आले ती सकाळ मला स्पष्ट आठवते. काळा चष्मा, खिशात टेस्टर. माझ्याकडे न बघता आधी रॅकसमोर गेले आणि चष्मा काढला. कितीतरी वेळ तसेच उभे. वडिलांची खाट माझ्याही डोळ्यांसमोर होती.

“हिरवे कसले गो एवढे?” ते म्हणाले. “पानासारखे.”

मग त्यांनी हात वर केले. सहा महिने मला जे करायला लावलं ते स्वतः करायला लागले. एक टाळी, थांबले. दुसरी, चुकली. मान पुढे काढून एका दिव्यावर डोळा रोखला, तो धरला तर शेजारचा सुटला. चौदा माळा एका तालात नाचवणारा माणूस, आणि चोवीस बारक्या दिव्यांनी त्याचा ताल पार विस्कटून टाकला. गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायलाही हात मोकळे नव्हते.

“जमत नाही ना?” मी विचारलं.

“नाय जमत,” मिस्त्री म्हणाले, आणि वाजवत राहिले.